थांबून पाहण्याची किंमत

रोगाची सांथ आली म्हणजे घरांतील जाणत्या माणसांच्या तोंडून एक वाक्य हटकून निघतें : "जरा थांबूं; लोकांचें काय होतें तें पाहूं; मग आपलें ठरवूं." हें वाक्य कानांस मोठें पोक्त वाटतें. त्यांत घाई नाहीं, भित्रेपणा नाहीं, हट्टही नाहीं. मार्च २०२१ मध्यें आमच्या घरीं हें वाक्य उच्चारलें गेलें, आणि तें उच्चारणारे आम्हीच होतों. त्याची किंमत काय पडली, आणि पुढें दीड वर्षानें तेंच वाक्य एका कष्टकरी बाईंच्या तोंडून ऐकलें तेव्हां आमची समजूत कशी पालटली, हें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. घरचीं दुःखें चारचौघांत सांगूं नयेत, असें वळण आम्हांस लहानपणापासून आहे. परंतु सांथी येत राहणार, आणि घरोघर हाच प्रश्न पुन्हां उभा राहणार; म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहीत आहों.

रेल्वेच्या दोन बाजू

आमचें बिऱ्हाड गोवंडी स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, देवनारच्या अंगास आहे. एकमेकांस लागून असलेल्या दोन सदनिका, तीन पिढ्या आणि अकरा माणसें, असा आमचा संसार. रेल्वेच्या आमच्या बाजूस सहकारी गृहसंस्थांच्या इमारती, शाळा व झाडी आहे. दुसऱ्या बाजूस शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर ह्या दाट वस्त्या. आणि त्यांच्याही पलीकडे १९२७ पासून मुंबईचा केरकचरा पोटांत घेत आलेला देवनारचा डोंगर. दोन्ही बाजू महापालिकेच्या एकाच एम-पूर्व विभागांत मोडतात. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालांत हा विभाग अगदीं शेवटच्या पायरीवर होता. तो शेवटचा क्रमांक आमच्या गच्चीमुळें लागलेला नव्हता, हें सांगावयास नकोच.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि "घरांत राहा, सुरक्षित राहा" असा उपदेश सुरू झाला. आम्ही घरांत राहिलों. तो उपदेश ज्याच्या घरास दुसरी खोली, नळास पाणी व डब्यांत महिन्याचें धान्य आहे, त्याच्यासाठींच होता, हें ध्यानांत येण्यास वेळ लागला. त्या वर्षीं जुलैमध्यें महापालिका, नीति आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनीं आमच्या शेजारचा एम-पश्चिम विभाग व दुसरे दोन विभाग निवडून सुमारें सात हजार लोकांचें रक्त तपासलें. झोपडपट्ट्यांत शंभरांपैकीं ५७ जणांच्या अंगीं रोग येऊन गेल्याची खूण आढळली. इमारतींत केवळ १६ जणांच्या. वस्तींतलीं माणसें बेफिकीर होतीं म्हणून हा फरक पडला, असें त्या वेळीं दिवाणखान्यांतून बोललें जाई. परंतु ज्यांचें शौचालय शेंकडों लोकांचें आहे, आणि ज्यांच्या दहा फुटांच्या खोलींत सहा माणसें निजतात, त्यांनीं अंतर राखावयाचें तें कोठें? आमच्यापाशीं निवड करण्यास जागा होती, त्यांच्यापाशीं नव्हती.

आमच्याकडे दहा वर्षें धुणेंभांडीं करणाऱ्या बाई बैंगनवाडींत राहतात, मूळच्या जालन्याकडच्या. इमारतीच्या समितीनें ठराव करून कामकरी बायांस फाटकाबाहेर थांबविलें, तेव्हां आम्हींही हात वर केला होता. एप्रिल व मे महिन्यांचा पगार आम्हीं दिला, जूनचा अर्धा दिला, आणि आपण उदार आहों असें समाधान मानलें. ह्या अर्ध्या पगाराची आठवण पुढें येणार आहे.

अण्णांचा निर्णय

अण्णा हे आमचे थोरले काका. तेव्हां ७५ वर्षांचे. प्रकृति ठणठणीत, फक्त थोडासा मधुमेह. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील लोकांस लस मिळूं लागली. अण्णांनीं आधारपत्र आणि जुनें औषधपत्र एका पाकिटांत घालून तें देवघराजवळच्या फळीवर ठेवलें होतें. गर्दी थोडी ओसरली कीं जाणार, असा त्यांचा बेत होता.

इतक्यांत युरोपांतून बातम्या आल्या. आमच्याकडे कोविशील्ड ह्या नांवानें मिळणारी लस तिकडे घेतलेल्या कांहीं जणांच्या रक्तांत गाठी झाल्या, आणि मार्चच्या मध्यास डेन्मार्क, जर्मनी वगैरे देशांनीं ती तात्पुरती थांबविली. आमच्या पुतण्यानें भ्रमणध्वनीवर आलेले दहा-बारा निरोप जेवणाच्या टेबलावर वाचून दाखविले. त्या रविवारीं घरांत बैठक बसली. अण्णा म्हणाले, "माझें ठरलेलें आहे. पण तुम्हां सर्वांना धाकधूक वाटत असेल, तर थांबतों." एकत्र कुटुंबांतल्या वडील माणसाचा हा मोठेपणा असतो, आणि हाच त्याचा घातही करतो, तो स्वतःचा जीवसुद्धां घराच्या मताधीन करतो. सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, "जरा थांबूं, लोकांचें काय होतें तें पाहूं."

आतां त्या दिवसांत आम्हांस काय कळण्यासारखें होतें, तें पाहा. १८ मार्चला युरोपच्या औषध नियामक संस्थेनें आंकडे जाहीर केले : सुमारें दोन कोटि लोकांनीं ती लस घेतली होती, आणि रक्ताच्या गाठींच्या त्या विशेष दुर्मिळ विकाराचे २५ रुग्ण तपासांत आले होते. म्हणजे आठ लाखांत एक. त्यांतही बहुतेक पंचावन्नच्या आंतल्या स्त्रिया. लसीचा लाभ धोक्यापेक्षां अधिक आहे, असें संस्थेनें त्याच दिवशीं स्पष्ट सांगितलें. हें एका पारड्यांतलें.

दुसऱ्या पारड्यांत काय होतें? २०२० पर्यंत पाश्चात्य देशांत झालेल्या अभ्यासांवरून असें दिसत होतें कीं, हा रोग जडलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणांपैकीं दहा हजारांत एखादा दगावतो. ५५ व्या वर्षीं हजारांत ४, ६५ व्या वर्षीं हजारांत १४, आणि ७५ व्या वर्षीं हजारांत ४६. त्या लाटेंत अण्णांस रोग जडण्याचा संभव दहांत एक इतकाच धरला, तरी आठ लाख अण्णांमागें तीन हजारांहून अधिक मृत्यु होतात. आणि समोरच्या पारड्यांत एक विकार. त्रैराशिक शिकलेल्या कोणासही हा हिशेब दहा मिनिटांत जमला असता. अकरा माणसांच्या आमच्या घरांत तिघे पदवीधर आहेत. हिशेब कोणींच केला नाहीं.

मुंबईंतील रुग्णांची संख्या मार्चभर चढत होती. ४ एप्रिलला एका दिवसांत अकरा हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत आमच्या घरांतील पांच माणसें तापानें निजलीं. रोग घरांत कोणीं आणला याचा शोध आम्हीं घेतला नाहीं. तो घेऊन एका पोराच्या जिवास जन्मभराचा घोर लावण्यांत अर्थ नव्हता. चौघें बरीं झालीं. अण्णा बाराव्या दिवशीं इस्पितळांत गेले. घरच्या कोणासही जवळ जातां आलें नाहीं. पाकीट फळीवरच होतें.

पुढें १७ मे रोजीं आपल्या देशांतील तज्ज्ञ समितीचा आंकडा आला : कोविशील्डच्या दहा लाख डोसांमागें गाठींचे संभाव्य रुग्ण ०.६१. म्हणजे सोळा लाख डोसांमागें सुमारें एक. आमचें 'थांबून पाहणें' ज्या माहितीसाठीं होतें, ती माहिती अशी मिळाली. पण जिच्या उपयोगासाठीं ती हवी होती, ती व्यक्ति उरली नव्हती. मार्चच्या मध्यास घेतलेल्या एका डोसानें अण्णा खात्रीनें वांचले असते, असें कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाहीं, आणि आम्हीही म्हणत नाहीं. आमचा अपराध इतकाच कीं, आम्हीं एकच पारडें पाहिलें.

हें असें कां झालें, याचा विचार आम्हीं पुष्कळ केला. आपल्या हातानें दिलेल्या औषधानें कोणास अपाय झाला, तर तो डाग आपल्या हातास लागतो; आणि कांहीं न करतां अपाय झाला, तर तो दैवाच्या खात्यावर जमा करतां येतो. म्हणून मन न करण्याकडे झुकतें. नव्या, नांव न ऐकलेल्या धोक्याची भीति फार वाटते. रोज दाराशीं उभ्या असलेल्या धोक्याशीं आपली सोयरीक जमून जाते. परंतु न ठरविणें हेंही ठरविणेंच असतें. थांबण्याच्या काळांत सांथ थांबत नाहीं.

जुना दाखला

अण्णांच्या मागें बरेच दिवस आम्ही जुनी माहिती चाळीत बसलों. आमच्या पणजोबांच्या पिढीपुढें हाच पेंच होता. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. विएगस यांनीं प्लेग ओळखला. हाफकीन यांनीं ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांतल्या लहानशा जागेंत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतल्या राजी असलेल्या कैद्यांस दिली. इतकें होऊनही लोक बिचकले, आणि बिचकण्यास कारणें होतीं. त्याच वर्षीं साथरोगांचा कायदा झाला, पुण्यांत रँडच्या हाताखालीं गोरे शिपाई घराघरांत शिरले, आणि उपचार म्हणजे सरकारी जुलूम असें समीकरण मनांत बसलें. २२ जून १८९७ च्या रात्रीं त्याचा शेवट कसा झाला, तें वाचकांस ठाऊकच आहे.

पुढें १९०२ मध्यें पंजाबांतील मलकोवाल गांवीं एकाच बाटलींतून लस दिलेल्या १९ माणसांस धनुर्वात होऊन मृत्यु आला. दोष हाफकीन यांच्यावर आला. त्यांची निर्दोष मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडलें. १९२५ मध्यें परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव दिलें गेलें, तेंच आज आहे. तीं १९ माणसें खरीं होतीं. त्यांचीं घरें खरीं होतीं. लसीचा धोका म्हणजे निव्वळ अडाण्यांची कल्पना, असें म्हणणाऱ्यानें मलकोवाल विसरूं नये. परंतु त्या प्लेगनें पुढील कांहीं दशकांत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, हेंही विसरूं नये. पहिला आंकडा लोकांच्या तोंडीं राहिला, कारण त्यास गांव होतें, तारीख होती, आरोपी होता. दुसऱ्यास यांपैकीं कांहीं नव्हतें.

सक्तीचा प्रश्न आमच्याही काळांत आलाच. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांसच मुंबईच्या लोकल गाड्यांत सर्वसाधारण प्रवास करतां येऊं लागला. हार्बर मार्गावर ज्याचें पोट आहे, त्यास ही अर्धी सक्तीच होती. पुढें २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, कोणाच्याही शरीरांत बळजबरीनें लस घालतां येणार नाहीं. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठीं सरकारास प्रमाणशीर निर्बंध घालतां येतील. आम्हांस हा निवाडा योग्य वाटतो. परंतु त्यानें आपलें ओझें हलकें होत नाहीं, जड होतें. सरकार निवड करीत नसेल, तर ती आपणांस करावी लागते. आणि आपण केलेल्या निवडीचें फळ दुसऱ्यानें भोगावें, असा सांथीचा स्वभावच आहे. बाहेर हिंडणारा तरुण, आणि आजारी पडणारे आजोबा. अनेकदां जोखीम घेणारा एक, व ती भोगणारा निराळा.

गोवर आणि दोन दिवसांची मजुरी

करोनाच्या दोन वर्षांत लहान मुलांच्या नेहमींच्या लसी मागें पडल्या. त्याचें फळ ऑक्टोबर २०२२ मध्यें आमच्याच गोवंडींत दिसलें. महिन्याच्या अखेरीस रफीनगरांत दोन-तीन दिवसांच्या अंतरानें तीन बालकें दगावलीं, आणि गोवराची सांथ असल्याचें उघड झालें. नोव्हेंबरांत केंद्राचें पथक आलें. शताब्दी व कस्तुरबा रुग्णालयांत गोवराच्या मुलांसाठीं खाटा राखल्या गेल्या. नऊ महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलांस जादा डोस देण्याचें ठरलें. आरोग्यसेविका गल्लोगल्लीं फिरूं लागल्या.

गोवर म्हणजे लहानपणीं येऊन जाणारें साधें दुखणें, अशी आमच्या पांढरपेशा घरांतही समजूत आहे. वस्तुतः एवढा संसर्गजन्य रोग दुसरा क्वचितच असेल. संरक्षण नसलेल्या समाजांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांस तो देतो. रुग्ण खोलींतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेंत त्याचें विष राहतें. आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधींपासून तो पसरूं लागतो. हजार रुग्णांत सुमारें एकास मेंदूची सूज येते. कुपोषित मुलांस न्यूमोनिया गाठतो. म्हणून शंभरांपैकीं ९५ मुलांस लस मिळालेली असेल, तरच वस्ती सुरक्षित. उलट लसीनें शंभरांत पांच ते पंधरा मुलांस ताप येतो. गंभीर अपाय फारच क्वचित्.

आमच्या बाईंची नात तेव्हां दीड वर्षांची होती. नवव्या महिन्याचा डोस चुकलेला. आमच्या पत्नीनें त्यांस टोंचणीविषयीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "सून म्हणते, थांबू जरा, गल्लीतल्या पोरांचं काय होतं ते बघू, मग ठरवू."

आम्ही शेजारच्या खोलींत होतों. तें वाक्य ऐकून आम्हांस कसें झालें, तें लिहवत नाहीं. आम्ही बाहेर आलों आणि आंकडे सांगूं लागलों. बाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें, मग म्हणाल्या, "काका, ते सगळं खरं. पण मागं सुई दिली तेव्हा पोरगी दोन दिवस तापली. सून हजेरीवर शिवणकामाला जाते. दोन दिवस गेली नाही तर तिच्या जागी दुसरी बसते. गोवर येईल का नाही कोणाला ठाऊक; काम जाईल हे ठाऊक आहे."

तेव्हां आमचे डोळे उघडले. ही स्त्री अडाणी नव्हती. तिनें आपला हिशेब चोख केला होता; आम्हींच मार्च २०२१ मध्यें केला नव्हता. तिच्या एका पारड्यांत ठरलेलें नुकसान होतें, दुसऱ्यांत कदाचित् येणारें संकट. आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्यास ठरलेलें नुकसान जड वाटणें स्वाभाविकच आहे. उपदेशानें तें पारडें हलणार नव्हतें. त्यांतलें वजन कोणी तरी काढून घ्यावयास हवें होतें.

आम्हीं म्हटलें, "दोन दिवसांची मजुरी आम्ही देतों."

बाई म्हणाल्या, "पैसे नकोत. नात तापली तर मीच घरी बसेन, सून कामाला जाईल. फक्त माझा खाडा मांडू नका."

वाचकहो, आमच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर दिनदर्शिका आहे, आणि तिच्यावर बाईंच्या खाड्यांच्या फुल्या असतात. चार खाड्यांवर पैसे कापावयाचे, असा अनेक वर्षांचा दंडक. ह्या फुल्यांचा आणि गोवराच्या सांथीचा कांहीं संबंध असेल, हें आमच्या स्वप्नींही आलें नव्हतें. जून २०२० चा अर्धा पगार त्या वेळीं आठवला. ज्या बाईंस आजारी पडणें परवडत नाहीं, त्या आजार लपवितात, आणि आमच्याच ओट्यापाशीं येऊन उभ्या राहतात, एवढा साधा विचारही आम्हीं तेव्हां केला नव्हता.

नातीला पालिकेच्या शिबिरांत लस मिळाली. ह्या लसीचा ताप आलाच तर बहुधा दुसऱ्या दिवशीं येत नाहीं, सात ते बारा दिवसांनीं येतो, असें आमच्या डॉक्टरांनीं आधींच सांगून ठेवलें होतें; तें बाईंच्या सुनेसही कळविलें. नवव्या दिवशीं पोरीचें अंग कोमट झालें. बाई एक दिवस घरीं राहिल्या. फुली मांडली नाहीं.

घरच्या बैठकींत काय विचारावें

अण्णांच्या पश्चात् आमच्या घरीं अशा प्रसंगीं चार प्रश्न मोठ्यानें विचारण्याची चाल पडली आहे.

पहिला : दोन्ही पारडीं भरलीं काय? करण्याचा धोका व न करण्याचा धोका एकाच मापानें, लाखांत किती असा, कागदावर लिहावा. नुसतें 'लसीनें गाठी होतात' किंवा 'लस सुरक्षित आहे' हीं दोन्ही वाक्यें निरुपयोगी आहेत; त्यांत आंकडा नाहीं.

दुसरा : भोगणारा कोण? निर्णय घेणारा पंचविशींतला व भोगणारे पंचाहत्तरींतले असतील, तर मत कोणाचें मोठें धरावें हें उघड आहे. ज्याचें शरीर, त्याचा पहिला शब्द. घरांतील वडील माणसानें 'तुम्ही म्हणाल तसें' म्हटलें, तर तें औदार्य समजून स्वीकारूं नये. त्यांस पुन्हां विचारावें.

तिसरा : थांबावयाचें असेल तर कशासाठीं, आणि कोणत्या तारखेपर्यंत? अमुक संस्थेचा अहवाल येईपर्यंत, किंवा डॉक्टरांस विचारीपर्यंत, असें ठरलें असेल, तर थांबणें हाही शहाणपणा होऊं शकतो. तारीख नसलेलें थांबणें हें भीतीचें सभ्य नांव आहे. आम्हीं १८ मार्चपर्यंत थांबलों असतों आणि १९ मार्चला पुन्हां बैठक घेतली असती, तर आम्हांस आज स्वतःस दोष देण्याचें कारण नव्हतें.

चौथा : आपल्या निवडीचा भार रेल्वेच्या पलीकडे कोणावर पडतो? आपणांस घरांत बसणें परवडतें, तें दुसरें कोणी बाहेर हिंडतें म्हणून. त्याच्या आजारपणाच्या रजेचे पैसे देणें हा दानधर्म नव्हे. तो आपल्या सुरक्षिततेच्या खर्चाचाच भाग आहे.

पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें घरोघर निराळीं येतील, आणि तीं तशीं यावींत. कोणाच्या प्रकृतीस कांहीं लस चालत नाहीं, कोणास वैद्यानें थांबावयास सांगितलेलें असतें. तेथें हट्ट कामाचा नाहीं. चौथ्याचें उत्तर मात्र ज्या ज्या घरीं दिनदर्शिकेवर फुल्या आहेत, त्या सर्वांस आजच देतां येईल; त्यासाठीं पुढच्या सांथीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आमच्या घरीं आजारपणाचा खाडा मांडणें नोव्हेंबर २०२२ पासून बंद झालें आहे. हें अण्णा असतांनाच सुचावयास हवें होतें.